ढोलकीची नवी पुडी

पाथर्डीच्या एसटीत माझ्या शेजारचा म्हातारा मांडीवरची ढोलकी लेकरासारखी थोपटत होता.

"बाबा, तमाशाला का?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई, चर्चला. दारूपायी लई वर्सं भजन सुटलं हुतं. आता दारू सोडली. उद्या पाळकसायबांनी वाजवायला बोलावलंय. पन लोक हसत्याल, असं भ्या वाटतंय."

ढोलकी फारच जुनी दिसते, असं मी म्हणालो.

"लाकूड जुनंच हाय, वरची कातड्याची पुडी तेवढी नवी बसवली. येशू माझंबी तसंच करील."

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, त्यामुळे गप्प बसायची मला सवय नाही. म्हणालो, "मग इथंच वाजवून बघा की."

त्याने भीतभीत थाप मारली. कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवर ठेका धरला, मागच्या बायकांनी टाळ्यांची साथ दिली. हसलं कुणीच नाही. म्हातारा तेवढा हसला.