पेनानं नको, पेन्सिलीनं

वेवजी गावच्या म्हाताऱ्या बाबांइतका संशयी माणूस साऱ्या तलासरी तालुक्यात शोधून सापडला नसता. सूर्य उगवला तरी तो कोणाच्या सांगण्यावरून उगवला, हे ते आधी बघून घेत असावेत. छोट्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासासाठी मी डहाणूहून दर वर्षी भातकापणीनंतर त्यांच्याकडे जाई. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी छत्री उघडून पाहिली, आत मोजायची टेप नाही ना म्हणून. पुढे बुलेट ट्रेनसाठी जमिनींची मोजणी सुरू झाली, तेव्हा तर त्यांच्या संशयाला जोरच चढला. ज्याला माहिती हवी तो स्वतः का येत नाही, असं ते विचारत. चहा मिळे, पण त्यांच्याच घरचा चहा आधी मी प्यायचा, मग त्यांनी. कोंबडी एकही नाही म्हणत, तेवढ्यात घरामागे कोंबडा आरवे. तो शेजाऱ्याचा असे, आणि तो शेजारी राहे पलीकडच्या टेकडीवर. मी लिहायला घेतलं की ठरलेलं वाक्य येई: "पेनानं नको बाय, पेन्सिलीनं लिव." उद्या खोडता यायला हवं ना!

एका प्रश्नावर मात्र गाडी दर वर्षी अडे. शेती कोण करतं? बाबा म्हणत, "देव." नवऱ्याने टाकलेली त्यांची लेक मागे भात पाखडत असे. नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळं तीच करी. त्या प्रश्नाला ती मान वर करी आणि उत्तर ऐकून पुन्हा सुपाकडे वळे. एकदा मी म्हटलं, तिचं नाव लिहू का? बाबा भडकले. नाव कागदावर गेलं की सासरचे जमिनीवर हक्क सांगायला येतील, म्हणाले. त्या दिवशी लेकीने चहा केला नाही.

पुढे अभ्यास संपला, माझं कामही सुटलं. वर्षभराने चारोटीला दोघं वांगी विकताना दिसली. यंदा कोणी विचारायला आलं नाही, यातही बाबांना काळंबेरं दिसत होतं; पेन्सिलीनं लिहिलेलं कोणीतरी खोडलं असणार, म्हणाले. अभ्यास संपला, हे त्यांना पटेना.

"इचार," ते म्हणाले.

मी विचारलं, शेती कोण करतं?

"हीच करते, सगली. पेनानं लिव."

लेकीचा तराजू हातातच राहिला. ते वाचणारं आता कोणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. तरी एसटीच्या तिकिटामागे मी तिचं नाव लिहिलं. बाबांनी त्यावर अंगठा घासून पाहिला, पुसलं जात नाही याची खात्री केली आणि तिकीट लेकीच्या हातात दिलं.