जिंकल्याची पंगत

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमच्या घरचे गावच्या आखाड्याचे वस्ताद. मंगरूळपीरच्या कुस्त्यांच्या दंगलीत आपला पहिलवान जिंकला की हिंदू-मुसलमान सारं गाव त्याला खांद्यावर घेऊन आमच्याच दारी जेवायला येई. गहू-गूळ शेटजींकडून उधार, आणि चुलीपुढे मी.

एकदा मी दमून म्हणाले, "या खेपेला हरला तर बरं."

ते हसले, "वस्तादाची बायको अन् असं बोलून राह्यली? काहून वं?"

मी उधारीचं बोलले नाही. त्या वर्षी आपला पहिलवान तीनदा जिंकला. पुढे दोन हंगाम मी लोकांच्या शेतात कापूस वेचला, तेव्हा कुठे शेटजींची सगळी उधारी फिटली.