पंख्याची झील

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो नेवाशाच्या कुलथे बाईंमुळे. त्या विज्ञान शिकवायच्या आणि शाळेचा लाउडस्पीकरही सांभाळायच्या. हेडमास्तर माईकवर फुंकर मारू लागले की म्हणायच्या, “सर, चहा नाही तो.” मुलं हसायची, बाई हसायच्या नाहीत.

बारावीनंतर मी साखर कारखान्यात रोजंदारीवर जाणार होतो. बाई घरी आल्या, वडिलांपुढे माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. “हे मजुरीच्या लायकीचे नाहीत. नाइलाज म्हणून तरी शिकवा याला.” वडिलांना इतकं हसू आलं की त्यांनी होकारच दिला. नगरच्या वसतिगृहापर्यंतचं पुढचं सगळं बाईंनी पाहिलं. कौतुकाचा शब्द मात्र कधी काढला नाही.

वडील भीमगीतांच्या पार्टीत पुढे उभे राहून गायचे, बाकीचे मागून सूर उचलत झील धरायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती आणि तिची फीत झिजत चालली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला कंपनीने लॅपटॉप दिला होता. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, सगळ्या वस्तीला ती गाणी ऐकवायचं मी ठरवलं. टेपसमोर माईक धरून ती लॅपटॉपमध्ये घेतली, जागा वाचावी म्हणून फाईली दाबून लहान केल्या आणि निवृत्तीनंतर केडगावला राहणाऱ्या बाईंकडे अभिमानाने घेऊन गेलो.

बाईंनी डोळे मिटून एक गाणं ऐकलं.

“वडील गातायत ते कळलं. मागं झील कोण धरतंय?”

मी म्हणालो, कोणी नाही.

“पंखा धरतोय. तुझ्या खोलीतला.”

आवाज भरदार व्हावा म्हणून मी घाईने बास वाढवला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. “आधी ऐकावं, मग बटण फिरवावं. बापाला पिंपात कशाला बसवतोस?”

मग त्यांनी कॅसेट मागितली. स्पिरिटच्या बोळ्याने आपल्या टेपचं हेड पुसलं आणि तपकिरी झालेला बोळा माझ्या नाकासमोर धरला. टेप आणि लॅपटॉप थेट वायरने जोडायला लावले. माईक गेला, पंखाही गेला. बारीक घुमणं उरलं होतं, ते चार्जर काढल्यावर थांबलं. फाईली दाबायच्या नाहीत, अशी तंबी मिळाली. लॅपटॉपमध्ये पत्त्यांच्या खेळाला जागा आहे आणि बापाला नाही, हेही ऐकून घ्यावं लागलं. लॅपटॉपच्या स्पीकरांना डास म्हणून त्यांनी आवाज आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दिला.

गाणं पुन्हा लागलं. वडील समोर येऊन उभे राहिले. आणि त्यांच्या मागे, फार बारीक, एक बाई झील धरत होती. हा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता.

“ही कोण?” बाईंनी विचारलं. मी कान लावून पुन्हा ऐकलं, पण आवाज ओळखता येईना. “घरी विचार. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा. नॉबला हात लावू नकोस.”

कार्यक्रमानंतर मी त्यांना पत्र लिहिलं:

“आदरणीय बाई, सप्रेम जय भीम. काल गाणी वाजली. नॉब तुम्ही ठेवला तिथेच आहे. तो आवाज आईचा. कॅसेट भरली त्या दिवशी पार्टीतला एक जण आला नव्हता, म्हणून ती मागे उभी राहिली होती. ती सांगते, वडील तिला एकटीला गाठून जन्मभर चिडवायचे, तुझं गाणं कुणाला ऐकूच गेलं नाही. काल सगळ्या वस्तीसमोर ती त्यांच्या फोटोकडे वळली आणि म्हणाली, ‘ऐका आता. गात हुते मी.’

आपला विद्यार्थी,
सुभाष”