चढावरची हाक

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सत्तावीस वर्षं कशेळ्याहून वरच्या वाड्यांना जीप चालवली. आत कोंबलेली माणसं, टपावर पोती. चढावर गियर बदलताना क्लच दाबला की क्षणभर इंजिनाचा जोर सुटायचा, गाडी मागे ओढल्यासारखी व्हायची आणि मागच्या म्हाताऱ्या देवाचा धावा करायच्या. म्हणून आबांनी स्वतःची एक रीत पाडली होती. गियर बदलायच्या आधी ते मान न वळवता ओरडायचे, "टाकतोय रंऽ!" मग म्हाताऱ्या दांडी धरायच्या आणि पोटात गोळा आला तरी कुणी किंचाळायचं नाही. मला लहानपणी त्या हाकेची फार लाज वाटायची, कारण शाळेतली पोरं मला तिच्यावरूनच चिडवायची.

मागच्या वर्षी बहिणीला बंगळुरात मुलगी झाली. बारशाला आबांना जायचंच होतं, पण जीपने त्यांच्या मणक्याचा पार भुगा केलेला. लांबचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी मना केला होता. राहिलं विमान. मी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा विमानाचं सगळं शास्त्र मी त्यांना आधीच समजावलं. नेमकं जे सांगायला हवं होतं, तेवढं सोडून.

विमान धावायला लागलं तेव्हा आबा खुशीत होते. "पिकअप हाय हां!" म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली. चाकं उचलल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि पोटात खड्डा पडला. आबांनी माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"चढाला रेस सोडली रं त्यानी! गाडी माघारी येनार!"

उजवा पाय समोरच्या सीटखाली दाबून ते नसलेली रेस देत होते. मी लगेच धडा सुरू केला. निघताना इंजिनं जोरात असतात. थोडं वर गेलं की पायलट मुद्दाम जोर कमी करतो, नाकही जरा खाली घेतो. विमान चढतच असतं, फक्त आधीइतक्या झपाट्याने नाही. पण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय असं आहे की त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. म्हणून चढ मंदावला की शरीराला वाटतं, पडलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं, पण उतरेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

बारसं छान झालं. नातीला मांडीवर घेऊन बसलेले आबा इतके गोड दिसत होते की मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, "ही पयली नि शेवटची खेप. पोरीला आता फोनवरच बघायची." बहीण उठून आत गेली. ती रडत होती हे सगळ्यांना कळलं.

"आबा, घाबरन्यासारखं काय नाय त्यात. सांगितलं ना मी?" मी चिडूनच म्हणालो.

"तू मागनं सांगितलंस. गाडी ओढायच्या आधी सांगायचं असतं. त्या डायवरानी एक हाक नको मारायला?"

इतकी वर्षं मास्तरकी केली, पण एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

परतीच्या विमानात आबा मान खाली घालून बसले. मी ठरवलं होतं, या वेळी आवाज उतरायच्या आधी मीच हाक द्यायची. लाज गेली चुलीत. चाकं सुटली. मी कान टवकारले. खिडकीशी बसलेली एक कॉलेजातली मुलगी डोळे घट्ट मिटून देवाचं नाव पुटपुटत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"दांडी धर गं बाय," ते तिला म्हणाले. तिने सीटचा हात पकडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मान न वळवता ते अख्ख्या जीपभर जाईल अशा आवाजात ओरडले, "टाकतोय रंऽ!"

आणि इंजिनाचा आवाज उतरला. आबांच्या कानाने ती वेळ एकदाच ऐकून टिपून ठेवली होती. पुढच्या तीन रांगा वळून बघत होत्या. पोटात गोळा आला आणि गेला. ती मुलगी चक्क हसत होती, आणि मी सगळ्यांकडे मान ताठ करून बघत होतो.

आबांनी पाय सैल सोडला.

"तुज्या बहिनीला कळव," ते म्हणाले, "दिवाळीला येतोय म्हनावं."