पहिला घास बहिणीचा

पत्नी गेल्यावर काही आठवड्यांनी कोल्हारहून धाकट्या बहिणीचा फोन आला. दुःख झालेल्या भावाला बहिणीने एका मुक्कामाला बोलवायचं आणि त्या दिवशीचा पहिला घास त्याने तिच्या घरचा घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. मुलगा पुण्याहून कार घेऊन येतो म्हणाला. मी नको म्हटलं. मला गाडी लागते हे त्याला ठाऊक आहे, आणि नगरचं घर बंद करून माझ्याकडे चला, असं त्याचं म्हणणं तेव्हापासून चालूच आहे. एकट्याने साधं कोल्हारही गाठता आलं नाही, तर त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

एसटीत खिडकी मिळाली. पिशवीत पुस्तक होतं, पण काढलं नाही. बसमध्ये वाचायला मला बंदी होती. ती घालणारी आता नव्हती, तरी पाळली. लांबवर बघायचं, सावकाश श्वास घ्यायचा, हेही तिनेच शिकवलेलं. तिची एक गोष्ट मात्र मी रीतीपायी सोडली होती. निघताना ती मला बळेबळे चतकोर भाकरी खायला लावायची.

राहुरी मागे पडेपर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यांनी पोट ढवळून काढलं. घाम फुटला. उतरावं आणि मुलाला फोन करावा, असं मनात आलं.

शेजारी माझ्याच वयाची एक शेतकरी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. म्हणाली, "भाऊ, गाडी लागती व्हय?"

मी मान हलवली.

"काई खाल्लंय का?"

"नाही."

"आरं देवा! माजी सासू आशीच. लग्नाला जायचं म्हनून सकाळधरनं उपाशी, आन् गाडीतनं उतरली ती वकली थेट नवरदेवाच्या बुटावर!"

पुढच्या सीटवरचे दोघे हसले. तिने फडक्यातली भाकरी आणि गुळाचा खडा पुढे केला. मी हात मागे घेतला आणि कारण सांगितलं. तिने भाकरी तशीच पुढे धरून ठेवली.

"बहिनीचाच घास पायजे ना? मंग मलाबी बहीनच धरा. खावा आता, न्हाईतर माज्या लुगड्याचं काई खरं न्हाई."

मी खाल्लं. भाकरी शिळी होती, गूळ चांगला होता. ती बोलत राहिली, ऊस, सून, गुडघे, आणि मी बाहेरच्या हिरव्या रानाकडे बघत ऐकत राहिलो. पोट हळूहळू निवलं. देवळाली प्रवरा आलं तेव्हा "जपून जावा भाऊ" म्हणत ती उतरली. पुढचा रस्ता मला जड गेला नाही.

बहिणीला सगळं सांगितलं. ती फुरंगटली. "म्हणजे मी दुसरी?"

"दुसरीच. पण वरण तुझंच चांगलं."

"गोड बोलू नकोस. दादा, ती भेटली नसती तर माझं अंगण धुवायची पाळी आली असती." हसताहसता तिने डोळे पुसले आणि पानात आणखी भात वाढला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "उद्या न्यायला येऊ?"

"नको, एसटी आहे. आणि पुढच्या महिन्यात खर्ड्याला माझ्या मित्राकडे जाणार आहे."

"बाबा, खर्डा लांब आहे."

"असू दे. खाऊन निघेन."