वस्तादांची सुतळी

रविवारचं जेवण अंगावर आलेलं आहे. संध्याकाळी तालमीत मीटिंग, आणि तिथं कुणाला काय काय सुनवायचं याची उजळणी करता करता तालमीच्या बारक्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या पद्मजा अतिग्रेचा डोळा लागतोय. उशाशी मैदान आखायच्या सुतळीचा गुंडा आहे. हा गुंडा सर्जेरावांसमोर टेबलावर आपटायचा, 'पोरांना तुम्हीच शिकवा, मी चालले' म्हणायचं आणि सरळ घरी यायचं, असं तिनं ठरवून टाकलंय.

निगडे वस्तादांना जाऊन वर्ष होत आलं. तालमीनं त्यांच्या नावानं आठ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल चषक ठेवलाय. मैदान मोठ्यांचं, गोलपोस्ट मोठ्यांचे, आणि एकदा हरला तो संघ घरी. 'वस्तादांची शेवटची इच्छा' असं अध्यक्ष सर्जेराव सगळ्या पेठेत सांगत सुटलेत. आता इच्छेपुढं कोण बोलणार? मेलेला माणूस काही खुलासा करायला येत नाही.

तर वस्ताद पलंगाच्या पायथ्याशी उभे आहेत. तीच खाकी हाफपँट, दाढीचे पांढरे खुंट, आणि हातात तो सुतळीचा गुंडा.

"टोक धर," ते म्हणतात.

"वस्ताद, आधी मला एक सांगा..."

"धर म्हणतोय न्हवं? आणि सोडू नको."

पद्मजा टोक धरते आणि धरल्या धरल्या तिला स्वतःचाच राग येतो. पोरवयात तिनं दुसरं केलं काय? गोलच्या मागं उभं राहायचं, मोठ्यांचे बाहेर गेलेले बॉल आणून द्यायचे आणि वस्ताद मैदान आखायला लागले की सुतळीचं टोक धरायचं. तालमीची रीतच ती. बॉलला लाथ मारायला मिळेपर्यंत निम्मी पोरं कंटाळून पतंग उडवायला निघून जात. ती चिकटून राहिली, तेवढंच.

पायाखालची फरशी आता मैदानाची माती आहे. गॅलरी रिकामी, ऊन कुठूनच येत नाही तरी सगळं दिसतंय. वस्ताद सुतळी ताणून कडेनं चुन्याची फक्की सोडत चाललेत, पांढरी रेघ त्यांच्या मागोमाग येते.

"सर्जेरावांना तुम्ही सांगितलंत? पोरांना मोठ्या मैदानावर खेळवा म्हणून?"

"चहा टाकलास काय?"

"वस्ताद!"

"आरडू नको. मेल्यापास्नं कान चांगले झाल्यात."

हा माणूस जिवंतपणी असाच होता. सरळ विचारलं की वाकडं बोलायचं. पद्मजानं बारक्या पोरांसाठी बांबूचे छोटे गोल करून आणले, तेव्हा त्यांनी ते पायानं बाजूला सारले होते. 'हे काय मैदान हाय? भातुकली मांडलीस व्हय?' सगळ्यांसमोर म्हणाले होते. तिच्या अजून डोक्यात आहे ते.

"गेल्या वर्षी अन्वीला मोठ्या गोलात उभी केलीत," ती म्हणते. "एवढीशी पोरगी. हात वर करून उडी मारली तरी दांडी लांबच. गोलावर गोल झाले आणि गॅलरीतले बापे खिदळत होते. ती परत आलीच नाही, वस्ताद. किती चांगली खेळायची!"

"हसल्यालं मला बी ऐकू आलं."

"मग थांबवलं का नाहीत?"

वस्ताद रेघ मारत राहतात. तालमीतल्या मारुतीसमोरून रेघ जाते, वळते, आणि पद्मजाच्या स्वयंपाकघरात येते. गॅसच्या सिलिंडरपासून फ्रीजपर्यंत ते सुतळी ताणतात. साखरेचे आणि पोह्यांचे डबे उचलून दोन्हीकडं गोल मांडतात.

"एवढ्यात? हे काय मैदान आहे?" पद्मजाच्या तोंडून निघून जातं, आणि वस्ताद पोट धरून हसायला लागतात. तिला इतका संताप येतो की तेच डबे त्यांच्या डोक्यात घालावेत.

तेवढ्यात अन्वी दिसते. ओट्याखालून आणखी पोरं निघालीत आणि बॉल सगळ्यांच्या पायात आहे, कुणी नुसतं उभं नाही. अन्वी पोह्यांच्या डब्यांमधून गोल मारते आणि लगेच दुसऱ्यासाठी पळते. किती झाले, कुणी मोजत नाही. वस्ताद सुतळीवर वाकून डाव्या हातानं काहीतरी करतात.

"हितं," ते म्हणतात. "हितंपतुरच."

"मला काय सांगता? मीटिंगमध्ये येऊन सांगा सगळ्यांना!"

"माझं कोण ऐकतंय आता? तू टोक धर. कवाच सोडलं न्हाईस."

पद्मजा डोळे उघडते. पंखा फिरतोय, शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतोय. गुंडा उलगडून पलंगावरून पार दारापर्यंत गेलाय आणि सुतळीचं टोक तिच्या मुठीत आहे. झोपेत आपणच ओढला असणार, असं म्हणत ती गुंडाळायला घेते आणि थांबते.

टोकापासून थोड्याच अंतरावर एक गाठ आहे. या सुतळीच्या गाठी तिला पाठ आहेत. त्या सगळ्या मोठ्या मैदानाच्या मापाच्या, लांब लांब. इतक्या जवळ गाठ नव्हती. आणि ही उलट्या वळणाची आहे, डावखुऱ्या वस्तादांची, जी तिला जन्मात कधी मारता आली नाही. ती नखानं उकलून बघते. सुटत नाही.

"एवढंच मैदान हवं होतं, तर ही गाठ गेल्या वर्षी मारायची होती," ती रिकाम्या खोलीला ओरडून सांगते. "तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि तिला रडू फुटतं, रागानं आणि त्या म्हाताऱ्याच्या आठवणीनं.

मग ती नाक पुसते, गाठ वर राहील अशी सुतळी गुंडाळते, पिशवीत टाकते. सर्जेरावांसमोर हा गुंडा आता आपटायचा नाही, उलगडायचा. चपला घालता घालताच ती फोन लावते.

"अन्वीची आई ना? मी पद्मजा. अहो, अन्वीचे बूट तिला अजून बसतात का?"