केराबाईची वाकळ पुढं का सरकेना

आमच्या मोडनिंबात तीस सालाच्या सुमारास केराबाई लोकांच्या वाकळी शिवायची. टाका बारीक, पण हिवाळ्यात काम पुढं सरकेल तर शपथ! थांबली तिथं सुई खोचून ठेवायची. लोक येऊन बघत, तर सुई तिथंच. कारण बाई लोकांच्या अर्धवट शिवलेल्या वाकळी स्वतःच पांघरून निजायची. पुढच्या थंडीचं पांघरूणही आधीच हेरून ठेवायची. "आप्पा, धोतर विरलंय की तुमचं. आणून टाका, वाकळ करू!"

शेजारच्या बजाबाईचा नवरा थंडीनं रात्रभर कुडकुडायचा. ती जुनेरं घेऊन केराबाईकडं गेली.

"आक्का, भनीच्या चार पोरांना चार बारक्या वाकळी शिव की."

बारकी वाकळ केराबाईच्या गुडघ्यालाही पुरेना, मग अडवून ठेवायची कशाला? आठवड्यात चारी हातावेगळ्या केल्या. बजाबाईनं घरी नेऊन त्या एकमेकींना जोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा ती भली मोठी वाकळ पांघरून ओट्यावर बसला होता. केराबाईनं आपले टाके लगेच ओळखले.

"बजे, तुझ्या भनीचं पोरगं लई वाढलं की गं! मिशापण फुटल्या!"

"व्हय आक्का, तुझ्या हाताचा गुण!"